बंद करण्यासाठी चालू

कुपवाडात माझ्या पिठाच्या गिरणीसमोर एकाचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही.

संध्याकाळी आमच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण आला की सगळ्यांच्या मोबाइलवर वीज कंपनीचा मेसेज येतो. तेव्हा जो आपली चालू यंत्रं बंद करेल, त्याला बिलात सवलत. योजना चांगली आहे. पण ह्या पठ्ठ्याकडे कामच बेताचं. म्हणून मेसेजची वेळ झाली की हा सगळे लेथ रिकामेच सुरू करतो आणि मोबाइल हातात धरून मुहूर्ताची वाट बघावी तसा दारात उभा राहतो. इकडे व्होल्टेज उतरून माझी गिरणी कुंथायला लागते, बायका डबे घेऊन ताटकळतात. मेसेज आला की हा रुबाबात खटका पाडतो.

एकदा मी खडसावलं, "काम न्हाई तर मशिनी कशाला फिरवतोस रं?"

"आवं काका, चालूच नसंल तर बंद काय करू?" माझी कीव आल्यासारखा तो हसला.

परवा वीज वाचवल्याबद्दल त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्या गडबडीत लेथ सुरू करायचे राहून गेले. त्यानं आजवर केलेली तेवढीच खरी बचत.