कठड्यापासून भिंतीपर्यंत

डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी शेवंती पेडणेकर एका विज्ञानसंस्थेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत असे. फुग्यांबरोबर आकाशात जाऊन आलेल्या काचा तिच्यापुढे येत. विश्वकिरण काचेवरच्या लेपात घुसला की मागे बारीक काळी रेघ राहते. ती शोधायची, कोन मोजायचा, नोंद करायची. नियम कडक होता: पहिलीची नोंद न बघता तीच काच दुसरी मुलगी तपासणार. दोघींना दिसली तरच रेघ खरी.

"हे किरण येतात कुठून?" तिने एकदा तिथले संशोधक मनमोहन विजयकर यांना विचारलं.

"रेघेवरून कळत नाही. चुंबकी क्षेत्रं त्यांना वाटेत वळवतात. एखाद्या खवळलेल्या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघत असतील, तर तिथून न्यूट्रिनो नावाचा कणही निघत असणार. त्याला विद्युतभार नाही, तो सरळ येतो. पत्ता विचारायचा तर त्याला."

"मग दाखवा की एक."

"अजून कुणाला सापडलेला नाही."

"म्हणजे खरं सांगणारा तेवढा गायब!" शेवंती म्हणाली, आणि विजयकर हसले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात जानेवारी छप्पन्नला पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तिचा भाऊ जयवंत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढताना मेला. पोलिसांच्या कागदात मात्र तो रस्त्यावरून दगड मारत होता. ती नोंद बदलून घेणं, एवढंच शेवंतीला करायचं होतं.

कठड्याच्या फळीला एक भोक होतं, मागच्या भिंतीला दुसरं. तिसऱ्या दिवशी तिने दोन्हींतून सुतळी ताणली. ती जयवंतच्या छातीच्या उंचीवरून जात होती आणि खाली, पोलीस उभे होते त्या नाक्याकडे रोखलेली होती. कोन वहीत उतरवून तिने अर्ज दिला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ती कामावरून परतली, तेव्हा आईने घर धुऊन काढलं होतं. भिंत खरवडून चुना भरला होता.

"आये, ह्यां काय केलंस?"

"सुतक फिटला, घर साफ करूक नको? माका तां भोक बघवत नाय गो."

चौकशीचा अधिकारी सोळाव्या दिवशी आला. "भोक एकच आहे, बाई. एका भोकावरून दिशा कशी ठरवू?"

शेवंतीने वही पुढे केली. त्याने आकृती नीट पाहिली.

"तुमच्याशिवाय हे कोणी मोजलंय?"

चाळीतल्या कुणीही सुतळीचं दुसरं टोक धरलं असतं. तिने ते खिळ्याला बांधलं होतं.

"नाही," शेवंती म्हणाली. संस्थेत अशी रेघ तिनेही मोजणीत धरली नसती.

अधिकाऱ्याने जुनी नोंद कायम केली.