सावळारामचा आठ दिवसांचा दोर

मी जानकू. विहिरीतला गाळ काढायला बावीस वर्षं खाली उतरलो, आन् उतरलो तो कळंबच्या सावळारामच्या दोरावर. तवा त्याच्याबद्दल मी बोलताना मधी तोंड घालायचं न्हाई.

घायपाताचा वाख काढून तो दोर वळायचा. गुरांसाठी असला तर वळला की लगीच द्यायचा. माणूस उतरायचा असला तर मात्र दोर भिजवून अंगणातल्या चिंचेला टांगायचा, खाली जात्याची तळी बांधायचा आन् आठ दिवस कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. "नवा दोर पयल्यांदा नुसता लांबतो, लाडावल्यावानी. वज्यानं एकदा बसला की मग इमानानं वागतो," म्हणायचा.

२००१ साली पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातलं संशोधकांचं पथक आलं. वजन दुप्पट केलं म्हणून लांबी दुप्पट वाढत न्हाई, असल्या वस्तूंवर त्यांचं काम. त्याला ते नॉनलिनियर म्हणत. आता हे सावळारामला जन्मभर ठावं! लई खूश झाला गडी. सरांनी चार दोर मागितले.

"आठ दिवसांनी या," हा म्हणाला.

"काका, मशीन उद्याचीच मिळालीय," सर म्हणाले आन् कोरे दोर जीपमधी टाकून गेले.

महिन्याभरानं त्यांनी मारुतीच्या मंडपात पडदा लावून निकाल दाखवला. पडद्यावर एक रेघ. आधी आडवी लोळलेली, मग एकदम उभी. खाली ठळक लिवलेलं, 'स्थानिक दोर : माणूस उतरवण्यास अयोग्य.'

सावळाराम उठला. "सर, त्यो गुरांचा दोर. माणसाचा तुमी नेलाच न्हाई!"

"काका, प्रश्न शेवटी."

शेवटी चहा आला. प्रश्न कुणाच्या बापानं घेतला न्हाई.

पंचक्रोशीतले सगळे विहीरवाले तिथं बसलेले. आन् मी? बावीस वर्षं त्या दोरानं जित्ता वर आलेला मी, भजी खात गप बसलो. थू माझ्या जिनगानीवर! दुसऱ्या दिवशी मंचरला जाऊन नायलॉनचा दोर आणला.

चिंचेला तवा एक दोर टांगलेला व्हता, माझ्यासाठीच. आठवा दिवस भरला तरी मी गेलो न्हाई. नवव्या दिवशी सावळारामनं तो कोयत्यानं तोडला आन् त्याची दावी केली. त्यानंतर माणसाचा दोर त्यानं वळला न्हाई.

तीन वर्षांनी पथकातल्या एका मॅडमचं पत्र आलं. सावळारामच्या सुनंनं, हर्षालीनं त्याला वाचून दाखवलं. दुसरीकडचा दोर भिजवून, वजन टांगून पुन्हा तपासला. तुमचं म्हणणं बरोबर होतं. मोठ्या परिषदेत मांडायचंय, तरी तुमच्या हातचा आठ दिवसांचा एक दोर पाठवावा.

योगायोगानं मी तिथंच, बैलाचं दावं न्यायला आलेलो. सावळारामनं हातातला पीळ सोडला न्हाई.

"लिव पोरी," म्हणाला. "शेवटच्या दोराची सात दावी झाली. हवी तर गोठ्यात या आन् बैलांच्या गळ्यातनं सोडून न्या."

मग माझ्याकडं वळला.

"त्यांचं जाऊ दे. त्यांना मशीनची घाई व्हती. जानक्या, तुला कसली घाई व्हती रं?"