थोरल्याचं पाणी, धाकट्याचं पाणी

"पाणी काय उलटं चढते का, साहेब?" सरपंच हसत म्हणाले. मला हसू येत नव्हतं.

आष्टीकडच्या त्या गावात दोन तलाव आहेत. थोरला नि धाकटा. मधे एक छोटा पाट. थोरला भरला की पाटाने पाणी धाकट्यात येतं आणि धाकट्याच्या सांडव्यावरून नाल्याला लागतं. सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायला ठेवलेली बुटकी भिंत. ती दोन फूट उंच करायची होती. उन्हाळ्यात धाकट्याच्या काठी असलेल्या सरपंचांच्या वस्तीतल्या विहिरी आटायच्या, त्यामुळे मागणी खरी होती. मी सर्व्हेअर, माझं काम लेव्हल घेण्याचं, म्हणजे जमिनीची नि पाण्याची उंची मोजण्याचं.

लेव्हल घेतली आणि माझं तोंड कडू झालं. दोन्ही तलावांच्या पातळीत जेमतेम वीतभर फरक! सांडवा दोन फूट चढला तर पाणी पाटाने मागे फिरून थोरल्यात घुसणार. थोरल्याच्या काठी शांताबाईंची संत्र्याची बाग, सरपंचांच्या थोरल्या वहिनीची. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने वाढवलेली. यंदा पहिला बहर धरला होता. संत्र्याच्या मुळाशी पाणी तुंबलं की झाड गेलंच.

ऑफिसात आमच्या साहेबांना फोन केला.

"थोरला तलाव आपल्या एस्टिमेटमध्ये आहे का?" ते म्हणाले.

"नाही. पण पाण्याने एस्टिमेट वाचलेलं नाही, सर."

फोन ठेवला गेला. माझी जीभ अशीच, बदल्याही तशाच झाल्या.

गावाचीही अडचण होती. अक्षय्य तृतीयेला तिथे थोरल्यातली एक घागर वाजतगाजत नेऊन धाकट्यात ओततात. "थोरला देते, धाकटा घेते," सरपंच म्हणाले. "बापजाद्यापासून असंच हाय." पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने घागर नेल्यावर पाणी परत येईल हे कोणाच्या मनात येणार?

मग मी वाद सोडला. नव्या सांडव्याची पातळी लेव्हलच्या दुर्बिणीने बागेपर्यंत नेली आणि बुरशीवरचं बोर्डो मलम लावलेल्या फिक्या खोडांवर गेरूने रेघा ओढल्या. पाणी इथवर येईल.

सरपंच तणतणत आले. "काऊन झाडं रंगवून राह्यले?"

शांताबाई एका रेघेजवळ उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या गुडघ्याला लागत होती. "भाऊजी, हे पाहा. मले इथवर बुडवून तुमच्या विहिरी भरतीन का?"

सरपंच खाली बसले. रेघेवर बोट ठेवून रांगेच्या टोकापर्यंत पाहत राहिले. त्या क्षणी मला त्यांची दया आली. त्यांच्या मनात खरंच पाप नव्हतं.

"मंग विहिरीचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

"भिंत चढवू नका. धाकट्यातला गाळ काढा. पाणी वर नाही, खाली साठवा."

साहेब कुरकुरले, पण सरपंचांनीच ठराव बदलून दिला. गाळ निघाला. पावसाळ्यात पाणी बागेच्या धुऱ्याशी, बांधालाच येऊन थांबलं, आणि उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरींना पाणी राहिलं.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला मला बोलावणं आलं. थोरल्याची घागर नेहमीसारखी धाकट्यात ओतली. मग सरपंचांनी तीच घागर धाकट्यात बुडवली, खांद्यावर घेतली आणि वहिनीच्या बागेकडे चालू लागले. वाजंत्रीवाल्यांना काय वाजवावं ते कळेना.

थोरलं-धाकटं माणसांनी ठरवावं. पातळी मात्र मोजूनच घ्यावी.