उलटी गाठ

वर्तकनगरचे देवराम गमरे लांबून येताना दिसले की कल्याणचा भंगारवाला साईनाथ गल्ल्यावरूनच ओरडायचा, "आले इन्स्पेक्टर! काका, दोन मिक्सर आलेत. उघडा खुशाल, पण परत नीट बंद करा हं. मागच्या वेळी एक स्क्रू खाल्लात."

"तुझ्याकडे आला तेव्हा तीनच होते," असं म्हणत देवराम पोत्यावर बसायचे. मग पिशवीतून पेचकस निघायचा, टॉर्च निघायचा. मिक्सर उलटा करायचा, बूड खोलायचं, आत एकदा बघायचं आणि पुन्हा बंद करायचं. दहातले नऊ मिक्सर ते तसेच ठेवून द्यायचे. घरी रिकाम्या हाताने गेलं तर प्रश्न येतात, म्हणून कधी एखादा दार उघडून पाव भाजायचा जुना टोस्टर घ्यायचे, कधी हाताने फिरवायचं अंडं फेटायचं यंत्र. पाच वर्षांत घराचा माळा भरला. सून रुचिता पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "आमच्या बाबांचं म्युझियम आहे वर."

ते काय शोधतात, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्तरीला आलेल्या माणसाने असलं काही बोलायचं म्हणजे त्यांना लाज वाटायची.

वागळे इस्टेटमध्ये मिक्सरची एक कंपनी होती. आता तिथे काचेची इमारत आहे. तिथे मोटारीच्या कॉइल गुंडाळायचं काम बायकांकडे असे. तार गुंडाळून झाली की वरून सुती दोऱ्याने बांधायची, गाठ मारायची, मग वार्निश. देवराम टेस्टिंगला. बूड बसवायच्या आधी प्रत्येक मिक्सर तीस सेकंद चालवायचा, कान लावायचा आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं.

एकदा त्यांनी एक मिक्सर रिजेक्ट केला. जेवणाच्या सुट्टीत एक सावळी, किडकिडीत मुलगी तरातरा आली.

"माझ्या कॉइलला नाव ठेवलंत तुम्ही?"

"तुमची कशावरून?"

"गाठ बघा. मी डावखुरी आहे. सगळ्यांची गाठ इकडे पडते, माझी तिकडे. आणि घरघर बेअरिंगची आहे, कॉइलची नाही. परत लावा कान!"

त्यांनी परत कान लावला. बेअरिंगच होतं. त्या दिवसापासून उलटी गाठ दिसली की देवराम तीसच्या जागी चाळीस सेकंद ऐकायचे. वर्षभराने ती मुलगी, नीला, लग्न होऊन गमऱ्यांच्या घरी आली.

नीला जाऊन आता पाच वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, लुगडी होती. पण तिच्या हातची, अजून जशीच्या तशी असलेली वस्तू एकच होती, आणि ती ठाण्या-कल्याणातल्या कुणाकुणाच्या भंगारात पडली होती. पाच वर्षांत त्यांना उलट्या गाठीचे चार मिक्सर सापडले. तिघांच्या कॉइल जळलेल्या. चौथा मात्र चालायचा. घरी कुणी नसलं की देवराम तो खाली काढायचे, दहाच सेकंद चालवायचे आणि फडक्यात गुंडाळून परत वर ठेवायचे. उरलेल्या तिघांवरून हात फिरवत कधीतरी म्हणायचे, "चालत नाहीत बिचारे."

मुलाने, राजरत्नने, नेमकं एवढंच ऐकलं होतं.

सत्तराव्या वाढदिवसाला विहारातून वंदना करून देवराम घरी आले, तर टेबलावर चौघे ओळीत उभे. नवा रंग, नव्या वायरी.

"सरप्राइज!" राजरत्नचा चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला होता. "बाबा, बटण दाबा ना. तुम्ही गावी गेलेलात ना, तेव्हा दिलेले. चारही रिवाइंड करून घेतले, आतली कॉइल एकदम नवी."

"चारही?" देवरामांनी खुर्चीची पाठ धरली. "तो एक तर चालत होता."

"पोपट मेकॅनिक म्हणाला, जुनं इन्सुलेशन आहे, आज ना उद्या जाणारच. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदम. आता वीस वर्षं बघायला नको."

देवरामांनी बटण दाबलं. मिक्सर झकास चालला. रुचिताने टाळ्या वाजवल्या आणि केक आणायला आत गेली. देवरामांनी केक खाल्ला. गोड आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कल्याणची बस धरली. पोपटचं दुकान साईनाथच्या शेजारीच.

"जुन्या कॉइल? छिन्नीने कापून काढल्या, काका. तांबं गेलं पण भट्टीला."

"वरचा दोरा..."

"दोरा?" पोपट हसला. "तार मोकळी करायला आधी जाळतो आम्ही. दोरा तर सगळ्यात पहिला जातो. का, काही राहिलेलं का त्यात?"

"नाही," देवराम म्हणाले. "सहज."

साईनाथने हाक मारली, "इन्स्पेक्टर, एक आलाय बघा!" देवरामांनी पेचकस काढला, बूड खोललं, टॉर्च मारला. गाठ सरळ होती. चारही स्क्रू त्यांनी नीट बसवले आणि ते निघाले.

घरी रुचिता स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. चौघांपैकी एक आता ओट्यावर आला होता, तोच चालणारा.

"बाबा, जरा इकडे या ना," ती म्हणाली. "आवाज बरोबर येतोय का सांगा. तुम्ही टेस्टिंगला होतात ना? तुम्ही म्हणालात की मी रोज वापरीन."

राजरत्नही दुपारपाळीचा डबा भरता भरता थांबला आणि त्यांच्याकडे बघू लागला.

सांगावं, असं एकदा ओठांवर आलं. पण सांगून कुणाच्या हातात काय येणार होतं? पोराच्या तोंडावरचा कालचा आनंद तेवढा गेला असता.

देवराम खाली वाकले. कान लावला. मोटर एकसारखी, गुळगुळीत फिरत होती. कुठे खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी सवयीने मनात तीस मोजले. तीसला ते थांबले नाहीत. चाळीस झाले, पन्नास झाले.

"बाबा, चटणीचं पाणी होईल!" रुचिता हसत म्हणाली.

देवराम सरळ झाले.

"ओके," ते म्हणाले.