नात्याच्या रकान्यातला मामा

मुलीच्या शाळेने दिलेल्या फॉर्मवर नात्यासाठी एक रकाना होता, साधारण दोन बोटे रुंद. त्यात मी इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘मामा’ असे लिहिले. पुढे जे झाले त्याला दुसरे कोणी जबाबदार नाही.

फॉर्म चीनच्या अभ्यास सहलीचा होता. चौतीस मुले, तीन शिक्षिका, नऊ दिवस. बीजिंग, शिआन, सुचौ आणि शेवटी शांघाय. शांघायमध्ये शेवटच्या दुपारी चार ते सहा मोकळा वेळ होता. त्या शहरात कुणाचे जवळचे माणूस असेल तर त्याने हॉटेलच्या लॉबीत यावे, मुलाला बाहेर न्यावे आणि सहाला परत आणून सोडावे. अट एकच, माणसाचे नाव आणि नाते फॉर्मवर आधी लिहिलेले हवे.

आमचे माणूस होते. बायकोचा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षे शांघायमध्ये मोटारींच्या ब्रेकवर काम करतो. ‘अंकल’ लिहून भागले असते. पण आम्ही राहतो त्या सिंगापूरमध्ये अंकल म्हणजे टॅक्सीवाला, हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कॉफी देणारा, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा आणि चाळिशी उलटलेला कोणताही पुरुष. मी पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षे उपसंपादक होतो. बातमीत ‘नातेवाईक’ असे लिहिणाऱ्या वार्ताहराला ‘कोण नातेवाईक?’ असे विचारून कागद परत पाठवायचो. ही सवय इथल्या पाया लेबारच्या ऑफिसातही सुटलेली नाही. म्हणून अचूक शब्द लिहिला.

या भेटीला घरात महत्त्व होते, ते बायको मान्य करत नसली तरी. पाच वर्षे भावाचे येणे झाले नव्हते. दर भाऊबीजेला ती मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये पाट मांडायची, पाटावर फोन उभा करायची आणि पडद्याला ओवाळायची. या वर्षी पाट मांडला, निरांजन लावले, पण फोन उचललाच गेला नाही. तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्या दिवशी त्याचा माफीचा निरोप आला, तो तिने वाचला आणि उत्तर दिले नाही. तीन आठवडे झाले तरी बहीणभावाचे बोलणे बंदच होते.

“पोरीला भेटायला आला तर बघू,” ती म्हणाली. “नाही आला तर पुढच्या वर्षी पाट मांडायचा नाही. फोनला ओवाळून माझा हात दुखतो.”

तरीही तिने बुओना व्हिस्टाच्या लॅबमधून एक दिवस रजा काढली आणि अनारसे केले. तांदूळ तीन दिवस आधीच भिजत पडले होते, म्हणजे निर्णय या बोलण्याच्या आधीचा की नंतरचा हे मला ठरवता आले नाही. तुपात सोडल्यावर अनारसा फुटून पसरला की आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. सात-आठ हसले. ते तिने आमच्यासाठी बाजूला काढले आणि न हसलेले, जाळीदार, गोल, एकवीस मोजून डब्यात भरले.

“एकही तुटका जाता कामा नये,” ती मुलीला म्हणाली. “आणि मैत्रिणींना वाटत बसू नकोस.”

“ओके लाह, आई,” मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

सहलीआधी शाळेत पालकांची बैठक झाली. सहलीची प्रमुख शिक्षिका चिनी वंशाची, तिशीतली, अतिशय अदबशीर. मुलीने ओळख करून दिली, “धिस इज माय बाबा. अँड धिस इज आई.” शिक्षिकेने बायकोला “हॅलो, आंटी” म्हटले. इथे प्रत्येक बाई आंटीच असते, त्यामुळे त्यात काही वावगे वाटले नाही. मग शिक्षिका माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “सर, काळजी करू नका. शांघायची भेट आम्ही नक्की घडवून आणू. तिच्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे, मला कळतं.”

इतकी आस्था शाळांमध्ये दुर्मीळ असते. मी घरी येईपर्यंत तिचे कौतुक करत होतो. विमानतळावर मुलगी आईच्या गळ्यात पडली, तेव्हा शिक्षिका मला म्हणाली, “तुमच्या आंटी तिच्यावर किती माया करतात!” गर्दीत मी एवढेच ऐकले की माया करतात, आणि मान डोलावली.

त्यानंतर सहल आम्ही पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाहिली. बीजिंगमध्ये भिंतीवर चौतीस टोप्या. शिआनमध्ये मातीच्या सैनिकांसमोर चौतीस मुले. रांग सैनिकांची सरळ होती. शिक्षिकेच्या मजकुरात ‘टेराकोटा’चे स्पेलिंग चुकले, ते मी गटावर दुरुस्त केले. बायकोने फोन काढून घेतला.

मुलीचा फोन रोज संध्याकाळी येई. पाहिलेल्या स्थळांवर ती एक वाक्य बोले, नाश्त्यावर पाच.

“आणि अनारसे?” बायको विचारी.

“सेफ आहेत, आई.”

सुचौहून तिने “मोस्टली सेफ” असे सांगितले.

शांघायच्या दिवशी शनिवार होता. बायको दुपारपासून घड्याळाकडे पाहत नव्हती, म्हणजे प्रत्येक वेळी माझ्याकडून वेळ विचारून घेत होती. शांघाय आणि सिंगापूरची वेळ एकच आहे. सव्वाचारला माझा फोन वाजला. शिक्षिका होती.

“सर, सॉरी, इथे थोडा प्रॉब्लेम आहे. एक माणूस आलाय. मिशी आहे. तो तुमच्या मुलीला न्यायचं म्हणतो.”

“हो, बरोबर. तोच मामा.”



“सर, तो पुरुष आहे.”

“म्हणजे काय? मामा पुरुषच असतो.”

मागे लॉबीतला गलका ऐकू येत होता. त्यात मुलगी “मामा! मामा!” म्हणून ओरडत होती आणि एका तरुणीचा आवाज, तो बहुधा तिथल्या गाइडचा, पुन्हा पुन्हा म्हणत होता, “नो मामा. मामा इज लेडी.” त्यावर मेव्हण्याचा दमदार आवाज आला, “आय ॲम मामा!”

शिक्षिकेने फॉर्म वाचून दाखवला. नाते: मामा. नाव मराठी; त्यावरून बाई की पुरुष हे तिला कळण्याचे कारण नव्हते. चिनी भाषेत मामा म्हणजे आई. फॉर्मप्रमाणे मुलीची आई शांघायमध्ये राहत होती आणि आज लेकीला भेटणार होती.

“सर, मला तिच्या मदरशी बोलायला हवं. त्यांनी हो म्हटलं तरच.”

“मदर इथे आहे. माझ्यासमोर.”

“ती तर आंटी ना? मुलगी तिला ‘आयी’ म्हणते. आमच्यात आयी म्हणजे आंटी, घरी कामाला असतात त्यासुद्धा.”

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि एका दमात सगळा खुलासा केला: मामा हा आईचा भाऊ, आई हीच मदर, घरात दुसरी कोणी आंटी नाही. बायको माझ्याकडे पाहत होती. बातमी उलटी छापून आल्यावर संपादक माझ्याकडे असेच पाहायचे.

“म्हणजे तीन आठवडे,” ती शांतपणे म्हणाली, “शाळेला वाटतंय मी तुझ्याकडे कामाला आहे.”

“आंटी म्हणजे मावशीसुद्धा असू शकते,” मी म्हणालो. त्याने सुधारणा झाली नाही.

शिक्षिकेने दहा वेळा सॉरी म्हटले, पण नियम सोडला नाही. “मॅडम, या माणसाला तुम्ही ओळखता का? तुम्ही सांगा, मग मी सोडते.”

प्रश्न साधा होता.  बायको ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “त्याला विचारा, या वर्षी भाऊबीज कधी होती.”

शिक्षिकेने तो शब्द दोनदा मोडून, तिसऱ्यांदा जुळवून समोर पोचवला.  मग मेव्हण्याचा आवाज, आता फोनच्या अगदी जवळून, “ताई, मी मीटिंगमध्ये होतो त्या दिवशी.”

“कधीपासून उभा आहेस तिथे?”

“साडेतीनपासून. मॅडमनी माझ्या हातातली फुलं पण तपासली.”

“फुलं कशाला आणलीस?”

“काय आणायचं कळेना. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर बसत होती.”

बायकोने नाक ओढले आणि इंग्रजीत शिक्षिकेला स्पष्ट सांगितले, “येस, धिस इज माय ब्रदर. प्लीज लेट हर गो.” आणि मराठीत, “सहाच्या आत परत आण. नाहीतर तुझं नावही पुन्हा फॉर्मवर येणार नाही.”

साडेसहाला मेव्हण्याचा फोन आला; बायकोने तो स्पीकरवर घेतला. मुलगी वेळेत परत पोचली होती. नदीकाठी बसून त्यांनी डबा उघडला होता. चार शहरे, तीन आगगाड्या आणि दोन मैत्रिणी यांच्या हातून गेल्यावर एकवीसपैकी सहा अनारसे उरले होते, तेही तुकड्यांत.

“ताई,” तो म्हणाला, “सगळे हसलेलेच पाठवलेस ना?”

बायकोने माझ्याकडे पाहिले.

“लहानपणी मी कढईपाशी उभा राहायचो. गोल झाले ते पाहुण्यांना आणि हसलेले मला. मला वाटलं होतं, तू विसरलीस.”

डबा मी स्वतः बंद होताना पाहिला होता. त्यात एकही हसलेला नव्हता. ते सगळे आम्ही इथे संपवले होते. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची असते. मी तोंड उघडले, तेव्हा बायकोने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतले.

“विसरेन कशी,” एवढेच काचेतून ऐकू आले.