साडूंचे कंस

जगातली निम्मी भांडणं कंस चुकल्यामुळे होतात असं मानणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. चांगी बिझनेस पार्कातल्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायचे, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून द्यायचे हुकूम कसे लिहावेत ते समजावणारी. चौकोनी कंसातला शब्द हवा तर लिहा, टोकदार कंसात आपली माहिती भरा, आणि बिनकंसाचा शब्द मुकाट्याने जसाच्या तसा लिहा, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी ऑफिसातच ठेवला असता तर आम्ही सुखी असतो. पण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतही, तर्जन्यांनी हवेत कंस काढत ते मला सांगायचे, "कॉफी. साखर चौकोनी कंसात." माझी मुलगी वैतागायची, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून, "काका, जस्ट ड्रिंक ला!" आमच्या गणपतीचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तर लगेच यांचा फोन. "अहो, आरतीला यायलाच हवं की नुसतं जेवायला चालेल? लोकांना कळू द्या की!" मी भिडेखातर आरती चौकोनी कंसात टाकली. पाहुणे सगळे आयटीतले. थेट जेवायलाच आले.

मग नव्या मॅन्युअलचं प्रकरण झालं. तिघांनी मिळून लिहिलेलं, प्रत्येकाचे कंस वेगळे. एका पानावर चौकोनी म्हणजे 'हवं तर', दुसऱ्यावर 'हवंच'. साडूंनी ते अडवून धरलं. त्यांचा साहेब इथल्या इंग्रजीत म्हणाला, "नोबडी रीड्स वन ला." म्हणजे, वाचतंय कोण! कंत्राट संपत आलेलं, इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. मी म्हटलं, "जरा नमतं घ्या." ते म्हणाले, "मॅन्युअल उघडतो तो अडलेला माणूस असतो हो. त्याला आपणच खड्ड्यात घालायचं?" पानन् पान एकसारखं करूनच त्यांनी ते सोडलं. कंत्राट काही वाढलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

पास संपून ते पुण्याला परत निघाले तेव्हा विमानतळावर माझी बायको म्हणाली, "भाऊजी, ताईला घेऊन गणपतीला या हं." साडूंनी माझ्याकडे बघत दोन्ही तर्जन्या वर केल्या आणि हवेत चौकोनी कंस काढला. हवं तर?

मी त्यांची बोटं धरून खाली केली. म्हटलं, "कंस नाही. नुसतं 'या'."

ते हसले, आणि चष्मा पुसत बसले.