गोकर्णीवर कोयता

शेजारच्या मालतीवहिनींनी कुंपणावर चढवलेली गोकर्ण आज सकाळी निळ्या फुलांनी गच्च भरली होती. तिच्यावर कोयत्याचे घाव पडू लागले, तशी मी धावत अंगणात आले. वहिनींचे यजमान दात-ओठ खात वेल तोडत सुटले होते.

"पुन्हा बोलशील उलटून?" ते दर घावाला ओरडत होते.

पायरीवर उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "बोलेन."

कोयता आणखी जोरात पडला. फुलं यजमानांच्या पायांखाली चिरडली आणि फरशीवर निळे डाग पडले. आपल्यावर कुणावरचा राग निघतोय, हे वेलीला कळत नसेल. आम्हा तिघांना मात्र प्रत्येक घाव कुणासाठी आहे, हे नेमकं ठाऊक होतं. गोकर्ण चिवट असते, खोडापर्यंत छाटली तरी मुळातून फुटते. पण म्हणून बाईनंही दर वेळी पुन्हा फुटत राहावं, असं का धरून चालायचं?

वहिनी पायरी उतरल्या आणि अनवाणीच माझ्या दाराशी आल्या.

"मी इथे राहू?"

"आत या," मी म्हटलं आणि त्यांच्यामागे दाराला कडी घातली.